गुहा पाहावी घेऊन

लग्न करून झाले, घर बांधून झाले, आणि तरीही गाठीला थोडा पैसा व थोडे मनःस्वास्थ्य उरले असेल, तर सद्गृहस्थाने बॅटमॅनची गुहा विकत घ्यावी. मग दोन्ही उरत नाहीत.

गुहा म्हणजे न्यूयॉर्कच्या मेगो या खेळण्यांच्या कंपनीची, सन १९७४ ची. या कंपनीने १९७२ पासून आठ इंची, खरेखुरे कापडी कपडे घातलेले महानायक बाजारात आणले आणि मग त्यांच्या राहण्याची सोय केली. पुढे हिनेच ‘स्टार वॉर्स’ची खेळणी काढायला नकार दिला, ती केनर कंपनीने काढली, आणि १९८२ मध्ये मेगोचे दिवाळे वाजले. अशा व्यवहारचतुर कंपनीच्या मालात पैसा गुंतवायचा आहे, हे मनाशी पक्के करून पुढे वाचावे.

प्रथम बांधकाम तपासावे. खडक, कपारी, अंधार हे सगळे छापील. प्रत्यक्षात आत पुठ्ठा आणि वरून रेक्झिन चढवावे तसे व्हिनाइल, कडेने तापवून चिकटवलेले. पुठ्ठा ओल धरतो, व्हिनाइल वयाने ताठरते, आणि जोडावर उकलते. विक्रेता याला ‘किरकोळ’ म्हणतो. त्याच्या फोटोंत जो कोपरा दिसत नाही, तो फाटलेला आहे असे समजून चालावे. दहा फोटो पाठवले असतील तर अकरावा मागावा. नंतर खाली घसरण्याचा खांब, आकाशात वटवाघूळ दाखवणारा दिवा आणि संगणक जागेवर आहेत का, हे पाहावे. हल्ली हुबेहूब नवे सुटे भाग मिळतात, त्यांना संग्राहक मंडळींत ‘रिप्रो’ म्हणतात. रिप्रोला रिप्रो म्हणून सांगणारा विक्रेता भेटला, तर भाव न करता पैसे द्यावेत. तो गुहेपेक्षा दुर्मीळ आहे.

मग रहिवासी. सुरुवातीच्या बॅटमॅनचा मुखवटा काढता येत असे. काढता येते ती वस्तू पोरे हरवतात, म्हणून कंपनीने पुढे तो डोक्यावरच रंगवून टाकला. आपल्याला अर्थातच काढता येणारा हवा, आणि तो कधीच काढायचा नाही. अंगातले इलॅस्टिक सैल पडल्याने पुतळा लुळा झाला असेल, तर पोटात नवे घालता येते. मात्र तसे केल्याचे पुढच्या गिऱ्हाइकाला सांगावे लागते.

आता या शास्त्राचे मर्म. पोराला जे नको होते, तेच आपण घ्यावे. १९७४ मध्ये माँटगोमेरी वॉर्ड या अमेरिकन दुकानसाखळीसाठी मेगोने चार खास बाहुले काढले: ब्रूस वेन, डिक ग्रेसन, क्लार्क केंट आणि पीटर पार्कर. म्हणजे तेच महानायक, पण साध्या कपड्यांत. केप नाही, मुखवटा नाही. आठ वर्षांच्या मुलाने चष्मा लावलेल्या वार्ताहराशी काय खेळावे? आज हे चौघे मेगोच्या सर्वांत दुर्मीळ आणि महागड्या बाहुल्यांत गणले जातात. ब्रूस वेनची १९७७ ची ‘वेन फाउंडेशन’ ही खेळण्यातली इमारत तशीच: चार मजले आणि लिफ्ट, थोडक्यात हेड ऑफिस. गुहा सापडते, हेड ऑफिस सहसा सापडत नाही. माझे मत विचाराल तर संग्राहकाची खरी परीक्षा इथेच होते. गुहा हवी असणे हे बालपण. हेड ऑफिससाठी कर्ज काढणे ही साधना.

जपणुकीबद्दल फार सांगायला नको. ऊन लागू देऊ नये, माळ्यावर टाकू नये. गुहा पुन्हापुन्हा मिटू-उघडू नये, कारण फाटते ती घडीवरच. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर पुठ्ठ्याला घरातली सर्वांत कोरडी खोली द्यावी. वडीलधारी मंडळी समजून घेतात. भाचे-पुतणे सुट्टीला येणार असतील तर त्यांना खेळायला रिप्रो द्यावे, आणि ते रिप्रो आहे हे प्रामाणिकपणे सांगावे.

खोका टाकू नका, रिकामाही विकला जातो. पावतीही जपून ठेवा. पुढच्या गिऱ्हाइकाला ती दाखवावी लागते. घरात दाखवण्याची गरज नसते.