अध्यक्ष, टॅबलेट उपसमिती

टॅबलेट उपसमितीच्या अध्यक्षपदी माझी निवड बिनविरोध झाली. विरोध करायला माणसं लागतात, आणि त्या बैठकीला आम्ही चौघंच होतो. सुभेदारसाहेबांचं आयुष्य आर्टिलरीत गेलेलं. ज्या वस्तूला चार्जर लागतो ती वस्तू नव्हे, खेळणं, असं त्यांचं मत. पीटीच्या मॅडम पोरांचे वयाचे दाखले लावत बसल्या होत्या. खजिनदार फोनवर होते. उरलो मी. शिवाय चौघांत माझ्या फोनची स्क्रीन सर्वांत मोठी. एवढ्या पात्रतेवर आपल्याकडे माणसं आमदार झाली आहेत.

घरी बातमी सांगितली तेव्हा हिनं एवढंच विचारलं, "मानधन किती?" मी मानाबद्दल बोलत होतो.

आमच्या रायफल क्लबाच्या मॅचेस उघड्यावर होतात. फायरिंग पॉइंटवर पत्रे आहेत, पुढे दहा मीटर ऊन, आणि ऊन संपतं तिथे टार्गेट. पोरांनी पेलेट मारायचे, आम्ही कागद काढून आणायचे, गेज लावून मोजायचे, बेरजा करायच्या आणि फळ्यावर लिहायच्या. पोरं मूठभर होती तोवर हे निभलं. मग १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, आणि नाशिक रोडला दुपारपासून हक्क सांगायला रांग लागली. कांबळवाडीचा म्हणून कोल्हापूरकडचे लोक, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून स्टेशनवरचे, रायफल नाशिकला शिकला म्हणून आम्ही सगळे. माझा स्वतःचा असा काहीच संबंध निघेना, तेव्हा मी त्याच्या ४५१.४ मधल्या पॉइंट चारचा अर्थ कॉलनीत समजावून सांगायला घेतला. लोक ऐकूनही घेत होते. पदक मिळालेल्या दिवशी लोक काहीही ऐकून घेतात.

त्या पॉइंट चारपायीच हे टॅबलेटचं सगळं झालं. रायफलच्या एकेका वर्तुळाचे दहा भाग पाडतात. म्हणून सर्वांत उत्तम गोळी दहाची नसते, १०.९ ची असते. दहा मीटरच्या एअर रायफलला दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. त्यावर मारायचा पेलेट साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे ज्याला मारायचं तो मारणाऱ्यापेक्षा नऊ पटींनी लहान! कागदावर गेज लावून नऊ की दहा एवढं आम्ही छातीठोक सांगतो, पॉइंट चार सांगायला यंत्रच पाहिजे. बालेवाडीला तशी यंत्रं आहेत. गोळी कुठून गेली ते आवाजावरून किंवा लेझरनं ओळखतात, आणि नेमबाजाच्या शेजारच्या स्क्रीनवर आकडा पोरानं श्वास सोडायच्या आत हजर. त्यांची किंमत आमच्या खजिनदारांनी एकदा चौकशी म्हणून विचारली होती. त्यानंतर बरेच दिवस ते बैठकीत चहाही अर्धाच सांगत.

तेव्हा मधला मार्ग निघाला. मोजायचं कागदावरच, पण आकडा जागच्या जागी टॅबलेटमध्ये टाकायचा. बेरीज, क्रमांक, सगळं आपोआप मांडवातल्या टीव्हीवर. खजिनदारांच्या पुण्यातल्या भाच्यानं प्रोग्रॅम फुकट लिहून दिला. फक्त टॅबलेट घ्यायचे होते, आणि टॅबलेट घ्यायला मी होतो.

दुकानात पोरानं विचारलं, "वापरणार कोण?" मी म्हटलं, मी. त्यानं हातातला टॅबलेट शांतपणे खाली ठेवला आणि मागच्या कपाटातून दुसरा काढला. "काका, याच्यात अक्षरं मोठी होतात. आजोबा लोकांना सोपा जातो." एका वाक्यात मला काकाचा आजोबा करणारा तो मुलगा धंद्यात पुढे जाईल. मी त्याला ब्राइटनेस किती निट्स आहे असं विचारलं. आदल्या रात्री वाचून गेलो होतो. एक निट म्हणजे ढोबळमानानं चौरस मीटरला एका मेणबत्तीचा उजेड. घरातल्या टॅबलेटला चारशेच्या आसपास पुरतात, उन्हात वाचायचं तर हजार तरी हवेत. पोरगा म्हणाला, "काका, यूट्यूब एकदम क्लिअर दिसतं." माझं वाचन वाया गेलं, म्हणून मी तेच सगळं शेजारी कव्हर घ्यायला आलेल्या गृहस्थांना सांगितलं.

शेवटी ओळखीतून तीन-चार टॅबलेट पाहण्यापुरते मागून आणले आणि भर दुपारी बाराला रेंजवर परीक्षा ठेवली. परीक्षा म्हणजे काय, उन्हात धरायचा आणि स्कोअर वाचायचा. पहिला धरला. स्कोअर दिसला नाही, मी दिसलो. दुसऱ्यातही मी. तिसऱ्याची काच जास्त गुळगुळीत, त्यात मी अगदी स्पष्ट, कानशिलावर कलप संपून पांढरं कुठे सुरू होतं त्या रेषेसकट. सुभेदारसाहेब मागून डोकावले. "अध्यक्षसाहेब, रिझल्ट काय?" मी म्हटलं, तुम्हीच बघा. त्यांनी बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चांगला आहे."

आता इथे थोडं माझ्या डोळ्यांबद्दल सांगायला हवं. मी नोट प्रेसला तपासणीत होतो. नाशिक रोडला एवढं सांगितलं की पुरतं. बाहेरच्यांसाठी म्हणून सांगतो. पूर्वी या देशाची टपाल तिकिटं लंडनहून छापून येत. १९२५ साली इथे सिक्युरिटी प्रेस निघाली, १९२८ ला नोट प्रेस, आणि पहिली छापली ती पाच रुपयांची नोट. भारताचा पासपोर्ट आजही इथेच छापला जातो, तेव्हा न्यू जर्सीतला भाचा आपण कुठून कुठे गेलो हे सांगायला लागला की मी त्याला आठवण देतो, की तू गेलास ते आमच्या नाशिक रोडच्या कागदावर. तर तपासणी. छापलेला ताव समोर येतो. रंग सरकला आहे का, रेषा तुटली आहे का, शाईचा ठिपका नको तिथे पडला आहे का, हे बघायचं. बघायचं म्हणजे वाचायचं नाही. नवीन पोरगा आकडा वाचतो, तिथेच फसतो. शंभर दिसले की त्याचं मन शंभरावर जातं. मुरलेल्या माणसाला पैसे दिसतच नाहीत, नुसती नक्षी दिसते, आणि नक्षीत काही खुपलं की हात आपोआप थांबतो. आयुष्यभर डोळ्यांसमोरून लक्ष्मी वाहत गेली आणि संध्याकाळी गेटवर झडती देऊन आम्ही बिटकोला भाजी घ्यायला, ती मात्र घासाघीस करून. खराब निघालेल्या नोटेच्या जागी दुसरी घालतात. २००६ पासून तिच्या क्रमांकात एक छोटा तारा छापायला लागले, आधी दहा, वीस, पन्नासच्या नोटांत. अशी ताऱ्याची नोट हाती आली की मी ती खर्च करत नाही. हिला वाटतं मी जपून ठेवतो. जपून नाही; ती नोट म्हणजे कुणाच्या तरी डोळ्यानं तिथे आधीची चूक पकडली त्याची पावती आहे. लग्नात आहेराच्या पाकिटातली नोट मी उजेडाकडे धरून बघतो तेव्हा वधूपक्षाला राग येतो. त्यांना वाटतं संशय घेतोय. मी ओळख काढत असतो.

सांगायचा मुद्दा, असे हे डोळे. गेज लावल्यावर भोक रेषेला टेकलं की नाही, हा वाद क्लबात माझ्यापाशी येऊन संपतो. टेकलं तर वरचा आकडा, नाही तर खालचा, आणि मधे केसाएवढीही सवलत नाही. ते डोळे घेऊन मी उन्हात उभा होतो आणि मला आठ इंचांवरचा ९६ दिसत नव्हता.

म्हणून गॉगल लावला. हा गॉगलही न्यू जर्सीचाच, पोलराइज्ड. टॅबलेट उभा धरला तर स्क्रीन काळीठिक्कर, आडवा केला की लख्ख! टॅबलेटच्या स्क्रीनमधून निघणारा उजेड एकाच दिशेनं कंप पावणारा असतो, गॉगलही एकाच दिशेचा आत सोडतो, दोघांच्या दिशा काटकोनात आल्या की अंधार. हे मला कळल्यावर मला फार आनंद झाला. तो मी खजिनदारांना दिला, मॅडमना दिला, पाण्याचे जार आणणाऱ्या पोराला गॉगल घालायला लावून दिला. उपसमितीनं ठरवलं की टॅबलेट माझ्या गॉगलला चालणारा असावा. गॉगल बदलावा असं कुणी सुचवलं नाही, मीही नाही.

मग उष्णता. एका टॅबलेटच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतं: शून्य ते पस्तीस अंशांत वापरावा. नाशिक थंड हवेचं गाव ही अफवा अजून परदेशी कंपन्यांपर्यंत टिकून असेल, पण एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळीस ओलांडतो. तापला की टॅबलेट आधी अंधुक होतो, मग चार्ज व्हायचं थांबतो, मग थर्मामीटरचं चित्र दाखवून गप्प बसतो. आम्ही तो ताकाच्या पिशव्यांबरोबर थर्माकोलच्या पेटीत ठेवून पाहिला. बाहेर काढला तर काचेवर दव, आणि दवानं स्वतःच आकडे दाबले. पाण्याचा थेंब आणि माणसाचं बोट यांत टॅबलेटला फरक कळत नाही. एका शाळेच्या पोराला त्यामुळे एका गोळीला सत्त्याहत्तर गुण मिळाले. त्याचे वडील ते रद्द करायला लवकर तयार होईनात.

भाच्यानं पुण्याहून सुचवलं, ई-इंकचा घ्या. पुस्तकं वाचायचा असतो तसा, उन्हात जितकं ऊन तितका छान दिसतो. आणला. खरंच दिसला. दुधट पांढरं पान, काळी अक्षरं, चमक नाही. आकडा दाबला की जरा विचार करून उमटायचा. सुभेदारसाहेबांनी तो हातात घेऊन बराच वेळ फिरवला.

"अगदी कागदासारखा दिसतो," मी म्हटलं.

"कागद कितीला आहे?"

या माणसानं तोफा कशा आणि कुणावर चालवल्या असतील याची मला त्या क्षणी कल्पना आली.

अखेर प्रश्न सुटला तो अंबडच्या एमआयडीसीत. एका कारखान्यानं गोदामासाठी घेतलेले जाडजूड टॅबलेट विकायला काढले होते: कोपऱ्यांना रबर, काच खरबरीत, बॅटरी बदलता येणारी, ओल्या बोटालाही ओळखणारे. दिसायला ओबडधोबड. दाखवताना एक टेबलावरून फरशीवर पडला आणि त्याला काहीही झालं नाही. सुभेदारसाहेब म्हणाले, "ही वस्तू." दोन घेतले. गॉगललाही चालले.

पहिल्या सराव मॅचला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. डिटेलमागून डिटेल, म्हणजे तुकडीमागून तुकडी, पोरांचे कागद येत होते, मी आकडे टाकत होतो, टीव्हीवर नावं वरखाली होत होती आणि पालक टीव्हीकडे बघत होते. मी पालकांकडे. सगळे कोच पोरांना एकच गोष्ट शिकवतात, की स्कोअरचा विचार करू नका. पोरं बिचारी करत नव्हती. मांडव करत होता.

फळ्यावर आम्ही फक्त बेरीज लिहायचो. टॅबलेट दहा-दहा गोळ्यांच्या सिरीज वेगवेगळ्या दाखवतो. मॅडम मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "मुलींच्या बघा." नववीतल्या एका पोरीच्या पहिल्या तीन सिरीज सुरेख, एका रेषेत, चौथी घसरलेली. तिच्या खालच्या मुलीचीही तीच गत. तिच्याही खालची तशीच. मुलग्यांचं तसं नव्हतं. मी ट्रिगरबद्दल बोलायला लागलो, श्वासाबद्दल, शेवटच्या सिरीजला मन कसं पुढे धावतं त्याबद्दल. मॅडमनी ऐकून घेतलं.

"पाणी पीत नाहीत त्या सकाळपासून."

"का?"

"बाथरूमच्या दाराला आतून कडी नाही ना. एक आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. डिटेल सुरू असताना धरायला कोण जाणार? त्यापेक्षा पीतच नाहीत."

कॅनव्हासचं ते ताठ जॅकेट अंगावर चढवून, पत्र्याखाली, एप्रिलच्या दुपारी, सकाळपासून पाणी न पिता पोरगी अर्ध्या मिलिमीटरवर नेम धरते, आणि आम्ही मागे खुर्च्या टाकून तिच्या श्वासावर चर्चा करतो. मॅडमनी हे पूर्वी बैठकीत मांडलं होतं. कामकाजाच्या वहीत पाहिलं: ऐनवेळचे विषय, त्याखाली, "स्वच्छतागृह दुरुस्ती. पुढील बैठकीत." पुढल्या बैठकीत टॅबलेट होता. त्याच्या पुढल्या बैठकीतही टॅबलेट होता. कडी मिळते नाशिक रोडच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात. त्यासाठी निट्स वाचायला लागत नाहीत, उपसमिती लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच ती बसत नाही. तिचं अध्यक्षपद कुणाला मिळत नाही.

सुभेदारसाहेब काही न बोलता स्कूटरवर गेले आणि कडी, स्क्रू, ड्रिल आणि एक सुतार घेऊन आले. तिसऱ्या डिटेलच्या आधी कडी बसली. आत एक खुंटीही ठोकली, जॅकेट अडकवायला. ते मॅडमना सुचलं.

पैसे मी टॅबलेटच्या मंजूर रकमेतून दिले. हिशेबात खजिनदारांनी लिहिलं, "टॅबलेट दोन व अनुषंगिक साहित्य." वर्षअखेरीस ऑडिटर आले. तरुण होते, बारकाईनं बघणारे. आमच्या तपासणीत असते तर नाव काढलं असतं. बोट त्या ओळीवर थांबलं. "अनुषंगिक म्हणजे काय? इथे कडी, स्क्रू आणि सुतार दिसतोय. टॅबलेटला सुतार?"

खजिनदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची पुढे ओढली, खिशातून गॉगल काढला आणि म्हटलं, "साहेब, हे समजून घ्यायचं तर आधी उजेड कसा कंप पावतो ते बघावं लागेल. जरा हा घाला. आता टॅबलेट उभा धरा."

उजेडाच्या दोन दिशा सांगून मी काटकोनापर्यंत आलो होतो, तेवढ्यात त्यांनी सही केली.