मानपूर कसे पाहावे

भूमध्य समुद्राकाठची पडकी शहरे पाहायला निघालेल्यांनी आधी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एक फेरी मारावी, असे माझे ठाम मत आहे, आणि ते निव्वळ खर्च वाचावा म्हणून नाही. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास दख्खनच्या या अंगाला मानांक नावाच्या राजाचे घराणे नांदत होते. आडनाव राष्ट्रकूट, पण वेरूळचे कैलास कोरणाऱ्यांच्या बरेच आधीचे. मानांकाचा पणतू अभिमन्यू एका ताम्रपटात मानपूर या राजधानीत बसून गाव दान करतो. हे मानपूर म्हणजे आपले माण, असे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडले. त्या राजधानीचे आज दहिवडी-म्हसवडकडे काय दिसते? बोट दाखवावे असा एक खांबही नाही, की पुरातत्त्व खात्याची निळी पाटी नाही. अवशेष पाहायची सवय लावून घ्यायची तर अशाच ठिकाणापासून सुरुवात करावी.

कारण जिथे खांब आहेत, तिथेही माणूस खांब पाहत नाही. तुर्कस्तानात एफेससजवळ आर्टेमिसचे देऊळ जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक म्हणून गाजले. आज तिथे तुकडे जुळवून उभा केलेला एकच खांब आहे आणि त्यावर करकोच्याने घरटे घातले आहे. प्रवासी तोंड वर करून पाहतात तो करकोचा, आणि घरी येऊन सांगतात ते देऊळ. क्रीट बेटावरच्या नॉसॉसला तर आर्थर इव्हान्सने 1900 सालापासून खणत खणत राजवाड्याचे मजले सिमेंट-काँक्रीटने चढवले, खांबांना लालभडक रंगही दिला. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धार कमिटीने हेच केले की आपण नाके मुरडतो; तिथे तिकीट काढतो. थोडक्यात, दगड थोडे असोत की फार, शहर मनात आपल्यालाच उभारावे लागते. माणात फक्त ते काम पहिल्यापासून करावे लागते, एवढाच फरक.

यावर कोणी म्हणेल, मग माणात तरी कशाला जायचे, घरी पंख्याखाली बसून शहर उभारावे! तसे जमत नाही. मोकळे माळ, उघडेबोडके डोंगर आणि सहज पाचशे मिलिमीटरच्या आत अडकणारा पाऊस अंगावर घेतल्याशिवाय इथे राजधानी थाटणाऱ्याची छाती कळायची नाही. शिंगणापूरच्या शंभू महादेवाच्या डोंगरावरून खाली पाहिले की मनात पहिला प्रश्न येतो तो राजवाडा कुठे होता हा नव्हे. पाणी कुठून आणत होते, हा. मालोजीराजांना तिथे तळे बांधावे लागले ते उगाच नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: मानपूर इथलेच कशावरून? जुने ताम्रपट वाचणाऱ्या फ्लीटने ते माळव्यात नेऊन ठेवले होते. पण त्याच कुळातल्या अविधेय राजाच्या ताम्रपटात पांडरंगपल्ली, म्हणजे आपले पंढरपूर, येते आणि मानांकाला कुंतलाचा, म्हणजे दख्खनच्या दक्षिण अंगाचा, राजा म्हटले आहे. माळव्यात बसून एवढा पसारा सांभाळणे अवघडच होते. शिवाय शंका असली म्हणून प्रवासी थांबत नाहीत. हिसार्लिकची टेकडी म्हणजेच होमरचे ट्रॉय का, यावर विद्वान भांडत राहिले आणि टूरवाल्यांच्या बसगाड्या येत राहिल्या.

राहिला प्रश्न खणून पाहण्याचा. ट्रॉयच्या शोधात स्लीमानने 1871 पासून टेकडीला एवढा खोल चर मारला की ज्या थरासाठी तो उतरला होता, त्यातलेही बरेचसे फावड्याबरोबर निघून गेले. माणात चर कमी पडले असेही नाही. 2018 च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत इथल्या टाकेवाडीने पहिला नंबर काढला तो खणूनच, पण ते मानांकासाठी नव्हे, पाण्यासाठी. त्या खोदाईत मानपूरची एखादी भिंत लागली असतीच, तर घडीव दगड पाहून गावकऱ्यांनी काय केले असते हे सांगायला विद्वान नको. कार्थेजचे खांब ट्युनिसच्या मशिदींना लागले. माणातला दगड शेताला ताल, म्हणजे बांध, घालायला लागतो, विहिरीला लागतो, मेंढरांच्या वाड्याला लागतो. तेव्हा माणात गेलात तर शेताच्या ताली जरा निरखून पाहाव्यात. मात्र दगड उपसून पाहू नये, मालक जवळच असतो.