पुणेला नाही, पुण्याला!

‘आपली पुणेला जाणारी बस सकाळी सात वाजता सुटेल.’ परवा तिकिटासाठी फोन लावला, तर पलीकडच्या यंत्राने हे ऐकवलं. वेळ बरोबर, सीट नंबर बरोबर, गावही बरोबर. चुकली ती मराठी.

चूक कुठे होते ते सांगतो. यंत्राकडे आधी नुसता अर्थ असतो, रकान्यांत भरलेला: गाव पुणे, वेळ सात. त्याचं वाक्य करायला एक साचा असतो. त्यात गावापुरती जागा मोकळी आणि पुढे ‘ला’ आधीच छापलेला. इंग्रजीत हे खपतं, कारण ‘टू’च्या पुढे कुठलंही गाव ठेवलं तरी नाव जसंच्या तसं राहतं. आपल्याकडे प्रत्यय लागण्याआधी नावच वाकतं. सातारा, पण साताऱ्याला. ठाणे, पण ठाण्याहून. वाई मात्र जागची हलत नाही. माझी सहा वर्षांची भाची ‘साताराला’ म्हणाली की आजी भाजी निवडता निवडता म्हणते, ‘साताऱ्याला म्हण गं.’ एवढंच काम आहे, आणि ते यंत्राला कुणी शिकवत नाही.

साचे सोडून उदाहरणांवरून शिकणारी यंत्रंही आली. एडिनबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठाने २०१७ मध्ये अशांची स्पर्धा घेतली. रेस्टॉरंटांची पन्नास हजारांवर उदाहरणं, सगळी इंग्रजी. वाक्यं सफाईदार आली, पण काही यंत्रं सांगायची माहितीच गाळत होती. तिकिटाच्या कामात ती जोखीम कोण घेणार? म्हणून साचे टिकून आहेत.

आपलं दुखणं ओळखलं ते प्रागमध्ये. चेक भाषेतही नावं विभक्तीप्रमाणे बदलतात. तिथल्या ओंद्रेय दुशेक आणि फिलिप युर्चिचेक यांनी २०१९ मध्ये चेक रेस्टॉरंटांची उदाहरणं जमवली आणि नावाचं योग्य रूप निवडणं ही यंत्राची वेगळी पायरीच केली. चेक बोलणारे जेमतेम एक कोटी. आपण आठ कोटींहून जास्त, आणि अजून ‘पुणेला’ ऐकून घेतो!

यासाठी संशोधनाचीही वाट बघायला नको. थांब्यांची यादी प्रत्येक बसवाल्याकडे असतेच. तिला आणखी एक रकाना जोडा: पुणे, पुण्या-, सातारा, साताऱ्या-, वाई, वाई-. कुणी यादी पाठवली, तर तो रकाना मी रविवारी बसून भरून देईन. अडलं तर आजी आहेच.