ईस्टरचा घरगुती सिनेमा: नवशिक्या कुटुंबांसाठी

साहित्य: एक मोबाइल, तो न हलता धरणारी तिवई (नसल्यास डब्यांची उतरंड), मूठभर मटकी, अर्धा डझन पांढरी अंडी, कांद्याची सालं. घरातली माणसं शक्यतो बाहेरगावी.

यातलं शेवटचं साहित्य दौंडात ईस्टरला मिळत नाही. उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्रीपासून पाहुणे उतरायला लागतात. जंक्शनच्या गावात घर केल्याची ही किंमत. मनमाडकडून येणारा असो की सोलापूरकडून, आपण सगळ्यांच्या वाटेवरच पडतो. तेव्हा आहे त्या गर्दीत काम करायला शिका.

आधी थोडा अभ्यास. अमेरिकेत सणासणाला टीव्हीवर बाहुल्यांचे तासाभराचे सिनेमे दाखवायची चाल पडली, ती रँकिन-बास या जोडीमुळे. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर हलवायची. १९७१ चा ‘हिअर कम्स पीटर कॉटनटेल’ आधी लावा. पीटरला ईस्टरचा मुख्य ससा व्हायचं असतं, पण लोखंडी शेपटीचा एक दुष्ट ससा कोंबड्याला च्युइंगम चारून त्याची बांगच बंद करतो आणि पीटर बिचारा झोपून राहतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्या लेखकाच्या कानावर गेलेलं नसावं. आमच्याकडे पहाटेच्या उपासनेला कोंबड्याची वाट कुणी बघत नाही. चारला आजी उठते आणि चार वाजून पाच मिनिटांनी सगळं घर.

मग १९७७ चा ‘द ईस्टर बनी इज कमिंग टू टाउन’. त्यात फ्रेड अस्टेरच्या आवाजातला पोस्टमन गोष्ट सांगतो, आणि आगगाडी आहे. ती दिसली की रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाला खोलीबाहेर काढा. आमच्या बाबांनी तीन वेळा सिनेमा थांबवून ‘सिग्नल कुठाय?’ असं विचारलं. आजीचा प्रश्न आणखी अवघड होता: ‘ससा अंडी कधीपासून घालायला लागला?’ याला उत्तर देऊ नये. चहा टाकावा.

हे सिनेमे बघताना गतकाळाच्या आठवणीनं डोळे पाणावणं अपेक्षित असतं. तुमचे पाणावणार नाहीत. १९७१ साली तुमच्या घरी टीव्ही नव्हता. मुंबई दूरदर्शनच मुळी २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आपल्या डोळ्यांची सोय ‘दयासागर’नं केली. १९७८ चा तेलुगू ‘करुणामयुडू’ हिंदी होऊन आला, तो चर्चच्या आवारात दोन बांबूंना बांधलेल्या पांढऱ्या कापडावर. उशिरा पोचलेल्यांना कापडामागे बसावं लागे. मी तो कायम मागूनच पाहिला, त्यामुळे सगळे शिष्य डावखुरे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

आता गुरू. परदेशी गुरू करायची गरज नाही, दादासाहेब फाळके आहेत. गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्राचा सिनेमा पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील, या विचारानं ते झपाटले. कुणी म्हणतं तो १९१० चा नाताळ होता, कुणी म्हणतं १९११ च्या एप्रिलमधला ईस्टर. आमच्या घरात ईस्टरच धरतात; कामाला बरं पडतं. मुलगा आणि सरस्वतीबाई बरोबर होत्या, म्हणजे सहकुटुंब सहपरिवार ईस्टर स्पेशल. पुढे विलायतेहून कॅमेरा आणल्यावर सावकाराला पटवायला त्यांनी काय दाखवलं? वाटाणा! कुंडीत पेरलेला वाटाणा. ठरावीक वेळानं एकेक चित्र घेत महिनाभर त्याच्यापुढे कॅमेरा लावून ठेवला, आणि पडद्यावर तो मिनिटभरात रुजून वर आला. नंतर तर त्यांनी आगकाड्या नाचवल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. म्हणजे आपल्याकडे हरिश्चंद्राच्या आधी वाटाणा पडद्यावर आला.

एप्रिलात दौंडला वाटाणा जगत नाही, म्हणून मटकी. क्लेचा ससा करायचा मोह टाळा. मी केला होता. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी दोनपर्यंत त्याचे कान खांद्यावर आले, तीनला तो कासव झाला. शर्यतीची गोष्ट एकाच पात्रात उरकली.

शुक्रवारी रात्री मटकी भिजत घाला. शनिवारी सकाळी निथळून ओल्या फडक्यावर पसरा, एक टपोरा दाणा निवडा आणि कॅमेरा अगदी जवळ आणा. दर पाच मिनिटांनी एक चित्र. तासाला बारा, दहा तासांत एकशेवीस. सेकंदाला बारा चित्रं धरली तर दहा सेकंदांचा सिनेमा. हिशेब पुन्हा करू नका, उमेद जाते.

दाणा बघत राहा. आधी साल ताणून चकचकीत होते, मग एका कडेला नखानं ओढल्यासारखी चीर पडते. बराच वेळ काहीच नाही. मग त्या चिरेतून पांढरं टोक, तांदळाच्या कणीएवढं, आधी खाली वळतं आणि मग दाण्यालाच ढकलून थोडं वर उचलतं. डोळ्यांना यातलं हलताना काही दिसत नाही. मालगाडी गेली की मात्र सगळंच हलतं. तेवढी चित्रं वगळा. वीज गेली तर खिडकी उघडा, आणि भिंतीवरच्या पालीला आधीच हाकला. चौसष्टाव्या चित्रात ती आमच्याकडे नायिका होऊन गेली.

अंडी शिरूरहून आत्या आणते, आणि गावरानच आणते, कितीही सांगा. त्या तांबूस कवचावर कांद्याच्या सालांचा रंग उठून दिसत नाही, म्हणून पांढरी आपली आपण आणून ठेवा आणि आत्याचीही उकडा. न्हावरा, भीमेचा पूल, चौफुला असं करत ती येते. केडगाव आलं की पंडिता रमाबाईंना मनातल्या मनात नमस्कार करते. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं आणि मुक्ती मिशनमधल्या बायकांनी ते एकेक खिळा जुळवून छापलं. रमाबाई १९२२ च्या एप्रिलात गेल्या, अगदी ईस्टरच्या तोंडावर. दर पाच मिनिटांनी उठायचा मी कंटाळा केला, तेव्हा आत्यानं हेच सुनावलं. ‘तुला एकशेवीस जड होतात? त्यांनी आख्खं बायबल जुळवलं.’ उरलेली चित्रं तिनंच काढली. त्यातल्या अकरांत तिचा अंगठा आहे.

रविवारी उपासनेहून आल्यावर खेळ लावा. दहा सेकंदांचाच असल्यानं चार वेळा लावावा लागतो. पहिल्या वेळी कुणाला कळत नाही, दुसऱ्या वेळी पाल दिसते, तिसऱ्या वेळी अंगठा. चौथ्या वेळी सगळे गप्प झाले. मोड वर आला आणि आजीनं हळूच ‘उठला गं’ म्हटलं.

मग मी दुसऱ्या दिवसासाठी तोच दाणा पुन्हा कॅमेऱ्यापुढे ठेवायला स्वयंपाकघरात गेलो. फडकं धुऊन दोरीवर टाकलेलं होतं. कढईत कांदा, गोडा मसाला आणि मटकीची उसळ.

‘माणसं चौदा,’ आई म्हणाली, ‘आणि तू मूठभर मटकी नुसती बघत बसलेलास.’