टाकी फुल्ल अण्णा

अण्णांच्या दारात १९९२ सालची मारुती ८०० उभी आहे. उभी आहे, हे शब्दशः घ्यावे. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत तिचे दोन पत्रे कुजून बदलले, पण अण्णांचा जीव पत्र्यात नाही, पेट्रोलच्या टाकीत आहे.

"पेट्रोलने लोखंड गंजत नाही, पाण्याने गंजतं," हे ते बारशाच्या पंगतीतही ऐकवतात. टाकी अर्धी असली की वरच्या पोकळीत दमट हवा शिरते. रात्री पत्रा गार झाला की आत पाणी धरतं, आणि पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं. मग गंजाची भुकटी फिल्टरमध्ये, तिथून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, आणि गाडी निवळीच्या घाटात बंद. यात खोटं काहीच नाही. गोची अण्णांच्या तर्काची. टाकी कायम काठोकाठ हवी. गाडी चालवली की पेट्रोल घटतं. सबब गाडी चालवायची नाही. बाजारात ते रिक्षाने जातात. गाडी निघते ती फक्त पंपावर, टाकी भरायला. परतताना जळलेल्या पेट्रोलाचं दुःख त्यांना संध्याकाळपर्यंत पुरतं. पंपावर टँकर रिकामा होताना दिसला तर न भरताच माघारी. म्हणे, तळचा गाळ ढवळतो. (हेही खरंच आहे.)

२०२३पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं आणि अण्णांना नवा वैरी लाभला. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलातून फुटतात आणि तळ गाठतात. तेव्हापासून अण्णा टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरतात. "थर दिसतोय का रे?" भाच्याला दिसत नाही. अण्णांना दिसतो.

गॅरेजवाला सांगून थकला, "अण्णा, पेट्रोल शिळं करू नका. आठवड्याला पावसपर्यंत चक्कर मारा, झाकणाचं रबर बघा, फिल्टर बदला."

"आणि चक्कर मारताना टाकी उतरली तर?"

दिवाळीत टाकी खोलली. आत गंजाचा कण नाही. अण्णांनी वाडीतल्या सगळ्यांना बॅटरी मारून दाखवली. गॅरेजवाल्याने मात्र गाडीखालून टाकीपासून इंजिनाकडे जाणारी लोखंडी नळी नखाने खरवडली, तर तिचे पापुद्रे हातात आले. खाऱ्या हवेने ती बाहेरून खाल्ली होती. तुमची गाडी जुनी आणि घर समुद्राजवळ असेल, तर टाकीत डोकावण्याआधी एकदा गाडीखाली वाका.