झाडू जरा बाजूला ठेवा

बागेत पक्षी यावेत असं वाटू लागलं की मराठी गृहस्थ सर्वप्रथम खरेदीला निघतो. लाल छपराचं लाकडी घरटं, दाणे ठेवायचं प्लास्टिकचं भांडं, ‘याच्यावर फुलपाखरं येतातच’ अशा नर्सरीवाल्याच्या हमीवर घेतलेली दोन झाडं आणि उरलेल्या पैशांत दुर्बीण. सगळं जागच्या जागी लागलं की तो खुर्ची टाकून पाहुण्यांची वाट बघतो. येतं ते कबूतर. मग शहरात पक्षीच उरले नाहीत, मोबाईलच्या टॉवरने सगळी वाट लावली, असा निष्कर्ष चहाबरोबर निघतो. टॉवरची बाजू घ्यायची मला हौस नाही, पण माझ्या मते घोटाळा खरेदीला निघण्याआधीच्या तासाभरात झालेला असतो. त्या तासात या गृहस्थाने पाहुणे यायचे म्हणून बाग लख्ख झाडून घेतलेली असते. वाळकी पानं, कोळिष्टकं, अळ्या पडलेल्या फांद्या, तुरे आलेलं गवत असा पाहुण्यांचा सगळा शिधा घंटागाडीत गेलेला असतो. बागेत पक्षी आणायला फारसं काही करावं लागत नाही. बऱ्याच गोष्टी करायच्या राहू द्याव्या लागतात, आणि उद्योगी माणसाला नेमकं तेवढंच जमत नाही.

लाकडी घरट्याची सरसकट टिंगल करणं मात्र बरं नाही. चिमणी आणि दयाळ हे ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात संसार थाटणारे पक्षी. नव्या इमारतींच्या गुळगुळीत भिंतींत त्यांना भोक सापडत नाही, तेव्हा बेताच्या तोंडाची, न झुलणारी पेटी मिळाली तर ते ती घेतात. पण बुलबुल, शिंपी, सूर्यपक्षी यांना आयतं घर नकोच असतं. त्यांना हवं असतं बांधकामाचं साहित्य. शिंपी रुंद पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडून पान शिवतो, आणि त्याच्या दोऱ्यात कापसाच्या, झाडाच्या तंतूंबरोबर कोळ्याचं जाळंही असतं. सूर्यपक्ष्याचं लोंबतं घरटं तर जाळ्यांनीच बांधलेलं असतं, आणि बाहेरून सालपटं, कचरा, अळ्यांची विष्ठा असल्या ऐवजाने सजवलेलं. म्हणजे ज्या घरात जळमट दिसता क्षणी कुंचा फिरतो, त्या घरापुढे शिंप्याने दुकान मांडावं कशाच्या भरवशावर?

दाण्यांची गोष्ट याहून वाईट. आपल्या बागेत येऊ शकणारे निम्मेअधिक पक्षी दाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मुंबईने आपला पक्षी म्हणून निवडलेला तांबट फळांवर जगतो, वेडा राघू उडत्या माश्या टिपतो, शिंपी किडे शोधतो. दाण्यांवर येतात चिमण्या, कबुतरं आणि रात्री उंदीर. कबुतरांना दाणे घालण्यावरून दादरला २०२५ साली केवढा गदारोळ झाला, ते ताजं आहे. तो वाद आपल्या गॅलरीत आणण्याचं कारण नाही. आणि दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिलांना दाणे भरवत नाही, किडे आणि अळ्या भरवते. मधावर जगणारा म्हणून ज्याचा लौकिक, तो सूर्यपक्षीही पिलांसाठी कोळी आणि किडेच गोळा करतो. अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी तिकडच्या चिकडी नावाच्या पक्ष्याचा हिशेब देतात. जेमतेम अकरा ग्रॅमचा हा पक्षी, पण पिलांची एक वीण घरट्याबाहेर पडेपर्यंत त्याला ६००० ते ९००० अळ्या आणाव्या लागतात. आपला शिंपी अमेरिकन नसला तरी त्याची पिलं उपवास करत नाहीत. तेव्हा पक्षी हवेत आणि अळी नको, हे म्हणणं जावई हवा आणि त्याचं जेवण नको म्हणण्यासारखं आहे.

कुंडीतल्या लिंबाचंच पाहा. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानावर काळपट-पांढरा ठिपका दिसतो, पक्षी शिटल्यासारखा. जरा वाकून पाहिलं तर ती शीट पान खात असते. लिंबाच्या फुलपाखराची अळी लहानपणी हे सोंग घेऊन जगते, कारण शीट कोणी खात नाही. अंगाने भरली की ती पानासारखी हिरवी होते, आणि तिला बोट लावलं तर मानेजवळून दुबेळकं शिंग बाहेर काढून असा वास सोडते की बोट आपोआप मागे यावं. एवढं नाटक फुकट बघायला मिळत असताना आपला गृहस्थ काय करतो? फवारणी. याच लिंबाच्या कुळातल्या झाडांवर ब्लू मॉरमॉनच्या, म्हणजे आपल्या नीलवंताच्याही अळ्या वाढतात. महाराष्ट्राने २०१५ साली नीलवंताला राज्य फुलपाखराचा मान दिला. मोठेपणी मान, बालपणी कीटकनाशक, अशी या मान्यवराची आपल्याकडे व्यवस्था आहे. कढीपत्त्यावरही त्याच्या भाऊबंदांच्या अळ्या असतात. पुढे त्या झाडाला काळी फळं लागली की बुलबुल येतात. एका झाडात फोडणी, फुलपाखरू आणि बुलबुल. अळ्यांनी खाल्ल्यावर आमटीपुरती पानं उरतात का? बहुधा उरतात, आणि झाड धड असेल तर पुन्हा फुटतात. न उरली तर शेजारी असतातच. गुलाबाच्या पानाला कोणी कैचीने अर्धगोल कापल्यासारखा तुकडा गेलेला दिसला तर तो रोगही नव्हे. पानं कापणारी एकांडी मधमाशी ते तुकडे नेऊन आपल्या अंड्यांना अस्तर करते.

खरी अडचण वर्षाच्या वेळापत्रकाची आहे. आपली साफसफाई आणि पक्ष्यांची निकड यांचे मुहूर्त कोणी समोरासमोर बसून जुळवल्यासारखे एकाच दिवशी येतात. होळीला झाडावरच्या वाळक्या फांद्यांवर सगळ्यांचा डोळा, आणि त्याच सुमारास तांबट वाळक्या, किडक्या फांदीच्या खालच्या अंगाला टकटक करून घरटं कोरत असतो. हिरव्या, टणक लाकडात त्याची छिन्नी चालत नाही. मे महिन्यात पावसाआधीची छाटणी निघते, तेव्हा निम्म्या झाडांत अंडी-पिलं असतात. भाद्रपदात गवताला तुरे धरतात, मुनिया त्या काड्यांवर झोके घेत बी टिपू लागतात, आणि सोसायटीला नेमकं गणपतीसाठी आवार चकाचक हवं असतं. मग दिवाळी. कोळिष्टकं, अडगळ, पाचोळा, सगळ्याचा निकाल लागतो, आणि याच दिवसांत हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून उडत आलेला थिरथिरा शेपूट थरथरवत आपल्या अंगणात उतरतो. त्याला जमिनीवरचे किडे हवे असतात. आपण त्याला नुकतीच पुसलेली फरशी दाखवतो. पावसाच्या तोंडावर नवरंग शहरातून जातो तेव्हाही तेच. पाचोळा उलटापालटा करून पोट भरणारा हा पक्षी सिमेंटच्या आवारात उभा राहतो, आणि आपण नऊ रंग मोजून फोटो काढतो. फोटो चांगला येतो, कारण मागे कचरा नसतो.

यावर पहिली हरकत डासांची, आणि ती रास्त आहे. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवा म्हणणाऱ्याला डेंग्यूचं उत्तर द्यावंच लागतं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा लागतो, म्हणून मातीचं उथळ परळ एक दिवसाआड घासून पाणी बदललं तर तिथे डासाची डाळ शिजत नाही. ज्यांना हेही होत नाही त्यांनी पाणी ठेवू नये. आळसाचा मी पुरस्कर्ता असलो तरी इथे सवलत नाही. पण हरकत घेणाऱ्याने आपल्या कुंड्यांखालच्या बश्या, फ्रिजमागचा ट्रे आणि गच्चीवरचं फाटकं प्लास्टिक आधी तपासावं. डास बहुधा तिथे सुखाने नांदत असतात, आणि त्यांच्याबद्दल अजून कोणी तक्रार केलेली नसते.

दुसरी हरकत सापांची. इथे मी दोन पावलं मागे येतो. वाळक्या पानांत घोणस खरोखर दिसत नाही, तेव्हा दाराशी, वाटेवर, मुलं खेळतात तिथे पाचोळा साठवण्यात शहाणपण नाही. तो कुंपणाकडच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवावा आणि तिथे हात घालू नये. मात्र साप पाचोळ्यापेक्षा उंदरांच्या मागे येतात, आणि उंदरांना बोलावतात ते दाणे आणि उघडा कचरा. रस्त्यावर झुकलेली वाळकी फांदी कोणाच्या डोक्यात पडणार असेल तर तीही उतरवावी. तांबटासाठी शेजारी गमावू नये, निदान चांगला शेजारी तरी.

तिसरी हरकत आपल्याच गोटातून येते. देशी झाडांचे कडवे अभिमानी म्हणतात, उंबर, करवंद, शेवगा लावा, बाकी सगळं उपटा. उंबराबद्दल वाद नाही. तो वर्षातून अनेकदा फळतो आणि तांबट, बुलबुल, हरियल, रात्री वटवाघूळ अशी पंगत उठवतो, फक्त घराच्या भिंतीपासून लांब असावा, नाहीतर घरच त्याच्या पोटात जाईल. पण पेरू, पपई आणि चिकू अमेरिका खंडातून आलेले आहेत, आणि पोपटाने त्यांचा जन्मदाखला मागितल्याचं ऐकिवात नाही. विदेशीपेक्षा निरुपयोगी झाडांशी माझं भांडण आहे. ज्याला खाण्याजोगं फळ नाही, ज्याच्या पानाला अळी शिवत नाही आणि म्हणूनच ज्याची ‘मेंटेनन्स नाही’ अशी जाहिरात होते, ते झाड बागेत ठेवण्यापेक्षा प्लास्टिकचं आणावं. त्याला पाणीही लागत नाही.

शेवटची आणि सगळ्यांत बळकट हरकत सोसायटीची: ‘कसं दिसतं ते!’ हिला शास्त्राने उत्तर देता येत नाही. अळ्यांचे आकडे सांगितले तर कमिटी घाबरते आणि पेस्ट कंट्रोल बोलावते. इथे व्यवहार करावा. आवाराचा दर्शनी भाग लॉनवाल्यांना देऊन टाकावा आणि मागचा कोपरा मागून घ्यावा. त्यात पाचोळा, एक वाळका ओंडका, वाढलेलं गवत, एखादी रुई, आणि पुढे ठळक अक्षरांत पाटी: ‘जैवविविधता क्षेत्र’. पाटीशिवायचा पाचोळा म्हणजे कचरा, पाटीसकटचा म्हणजे प्रकल्प. प्रकल्प म्हटल्यावर अध्यक्ष उद्घाटनाला येतील, फीत कापतील, नारळ फुटेल, फोटो व्हॉट्सॲपवर जाईल. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मात्र दिवसभर कोपऱ्यावर पहारा ठेवावा. पाहुणे येणार म्हणून कोणीतरी तो झाडून काढण्याची दाट शक्यता असते.