उचलून आणलेलं शहर

ग्रुप टूरला नाक मुरडून स्वतःच्या हिमतीवर इस्तंबूलला निघालेल्या मराठी प्रवाशाला एकच गोष्ट हवी असते : अस्सलपणा. सकाळी पोहे, दुपारी छत्री उंच धरलेल्या टूर मॅनेजरमागून पळापळ, रात्री पनीर, असलं इस्तंबूल त्याला नको असतं. त्याला 'पर्यटक जात नाहीत' अशी गल्ली हवी असते, आणि ती त्याने निघण्यापूर्वीच लाखो लोकांनी पाहिलेल्या व्हिडिओत हेरून ठेवलेली असते. गालिचा अस्सल हवा, चहा अस्सल हवा, माणसं अस्सल हवीत आणि वर कोणी फसवता कामा नये. अपेक्षांत गैर काही नाही. फक्त त्या घेऊन जायला त्याने शहर भलतंच निवडलेलं असतं. इस्तंबूल मुळात उचलून आणलेल्या वस्तूंचं शहर आहे. तिथलं बरंचसं थोर दुसरीकडून आलेलं, दुसऱ्याच कामासाठी घडवलेलं, आणि त्याभोवती मागाहून एक चांगलीशी गोष्ट रचलेली. तेव्हा माझं म्हणणं असं की ज्या गालिचेवाल्याला चुकवायला हा प्रवासी रस्ता ओलांडतो, तो गालिचेवाला या शहराच्या सर्वांत जुन्या परंपरेचा खरा वारस आहे. अस्सल बघायचं असेल तर रस्ता ओलांडू नये.

पुरावा सुलतानअहमतच्या चौकात उघड्यावर उभा आहे. इ.स. 330 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने इथे नवी राजधानी वसवली तेव्हा एक अडचण होती. राजधानी कोरी, तिला दाखवायला इतिहासच नाही. मग त्याने तो साम्राज्यभरातून मागवून घेतला. रथांच्या शर्यतींच्या मैदानात आज खड्ड्यात उभा दिसणारा ब्रॉंझचा पिळदार सर्पस्तंभ ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवस्थानातला. इ.स.पूर्व 479 मध्ये प्लाटियाच्या लढाईत इराण्यांना हरवल्यावर ग्रीक नगरराज्यांनी तो तिथे वाहिला आणि त्यावर 31 राज्यांची नावं कोरली. नवस त्यांनी फेडला, शोभा मात्र इथे झाली. सापांची तिन्ही डोकी पुढे तुटली. त्यांतल्या एकाचा वरचा जबडा इथल्याच पुरातत्त्व संग्रहालयात काचेमागे आहे, म्हणजे एक स्तंभ बघायला दोनदा चालायचं. शेजारचा ओबेलिस्क इजिप्तमधल्या कर्नाकच्या देवळातला. फॅरो तिसऱ्या थुत्मोसचा, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. खालचा बराच भाग तुटून गेलेला हा दगड सम्राट थिओडोशियसने 390 साली इथे उभा केला आणि चौथऱ्यावर दोन भाषांत स्वतःची पाठ थोपटून घेतली. लॅटिन मजकूर म्हणतो हे काम 30 दिवसांत झालं. ग्रीक मजकूर म्हणतो 32. एकाच चौथऱ्यावर, एकाच सम्राटाचे दोन आकडे सोळाशे वर्षं सुखाने नांदत आहेत. या मैदानाजवळच्या टॅक्सीवाल्याने तोंडाने सांगितलेला आकडा आणि उतरताना मागितलेला आकडा जुळला नाही, तर प्रवाशाने जरूर भांडावं, पण चकित होऊ नये.

शहराने फक्त उचललं आणि त्याचं कोणी काही नेलं नाही, असंही नाही. 1204 मध्ये चौथ्या धर्मयुद्धावर निघालेले ख्रिस्ती योद्धे वाट वाकडी करून इथे आले आणि त्यांनी हे ख्रिस्ती शहरच धुऊन काढलं. मैदानातले म्हणून सांगितले जाणारे ब्रॉंझचे चार घोडे तेव्हा व्हेनिसला गेले. 1797 मध्ये नेपोलियनने ते व्हेनिसहून पॅरिसला नेले. त्याचा पाडाव झाल्यावर 1815 मध्ये ते व्हेनिसला परतले. इस्तंबूलला परत द्यावेत हे कोणाच्या मनातही आलं नाही. आता सेंट मार्कच्या चर्चवर बाहेर दिसतात त्या नकला, मूळ घोडे आत. चोरावर मोर, मोरावर लांडोर आणि शेवटी सगळ्यांनी मान वर करून नक्कल बघायची, असा हा व्यवहार आहे.

जमिनीखाली तर याहून मोकळा कारभार. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधवलेल्या बॅसिलिका जलाशयात 336 खांब आहेत, आणि त्यांतले अनेक इतर पडक्या इमारतींतून आणलेले. कोपऱ्यातल्या दोन खांबांखाली मेडुसाची दोन दगडी मस्तकं आहेत, एक उलटं, एक आडवं. मेडुसाच्या नजरेने माणसाचा दगड होतो, म्हणून ती नजर निकामी करायला मस्तकं अशी बसवली, ही गोष्ट गाइड सांगतात आणि प्रवासी अंधारात शहारून घेतात. मला गवंड्याचं कारण जास्त पटतं : खांब आखूड पडला, हाताशी दगड होता, उलटा ठेवला की उंची बरोबर येत होती. शिवाय हे सगळं पाण्याखाली जाणार होतं, बघणार कोण? पण तिकिटाच्या दृष्टीने गवंड्याची अडचण ही कमाईची गोष्ट नाही, शाप आहे. म्हणून शाप चालतो.

हागिया सोफियाचं वय आणि मान बघून तिथे तरी सगळं जागच्या जागी असेल असं वाटतं. 537 मध्ये ते चर्च म्हणून पुरं झालं, 1453 मध्ये मशीद झालं, 1930च्या दशकात संग्रहालय आणि 2020 मध्ये पुन्हा मशीद. परदेशी पर्यटकाला 2024 पासून 25 युरो भरून फक्त वरच्या सज्जात जाता येतं. खाली उभे असलेले संगमरवराचे दोन प्रचंड रांजण सुलतान तिसऱ्या मुरादने पर्गामोनहून आणवलेले, मेहराबेपाशीचे मोठे शमादान हंगेरीच्या स्वारीतून आलेले, असं सांगतात. पण सज्जातल्या एका मोझेकने आपला मुद्दा सिद्धीला जातो. ख्रिस्ताच्या एका बाजूला सम्राज्ञी झोई, दुसऱ्या बाजूला तिचा नवरा सम्राट नववा कॉन्स्टंटाईन. हा तिचा तिसरा नवरा. चित्र आधीच्या एका नवऱ्याच्या वेळचं असावं. नवरा बदलल्यावर नव्या चित्राचा खर्च न करता जुन्याच धडावर नवीन चेहरा बसवला आणि वरच्या मजकुरातलं नाव बदललं. चेहऱ्याभोवतीच्या खुणा अजून दिसतात. त्याच मजल्यावर व्हेनिसच्या दांदोलोच्या नावाची फरशी आहे. 1204च्या लुटीचा तो म्होरक्या, आंधळा आणि अतिवृद्ध, आणि पुरला गेला तो याच इमारतीत. पण ती फरशीसुद्धा त्या काळातली नाही, एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीच्या वेळची असावी, असं जाणकार मानतात. लुटारूच्या थडग्याचीदेखील नक्कल असलेल्या गावात 'हा गालिचा हाताने विणलेला आहे ना नक्की?' असा प्रश्न विचारायला भाबडेपणा लागतो.

यावर प्रवासी म्हणेल की दगडांचं जाऊ द्या, खाणंपिणं तरी मातीतलं असेल. तुर्की कॉफीची बी येमेनची; सोळाव्या शतकाच्या मध्याला इथे कॉफीखाने निघाले तेव्हा ती परकी आणि संशयास्पद वस्तू होती, पुढे एका सुलतानाने तिच्यावर बंदीही घातली. कंबर बारीक असलेल्या पेल्यातला काळा चहा आज तुर्कांचा श्वास असला तरी त्याची लागवड काळ्या समुद्राकाठी रीझेला रुजली ती प्रजासत्ताक आल्यावर, म्हणजे आपल्या पणजोबांच्या हयातीत. दुकानात प्रवाशापुढे आग्रहाने ठेवला जाणारा सफरचंदाचा चहा तर खास पाहुण्यांसाठीच निघालेला आहे. देणारा स्वतः तो सहसा पीत नाही. राहिली गोंड्याची लाल टोपी, फेझ. ती उत्तर आफ्रिकेतून आली, सुलतान दुसऱ्या महमूदने 1820च्या दशकात फौजेला आणि अधिकाऱ्यांना घालायला लावली आणि पुढे इतकी राष्ट्रीय झाली की तिचा मोठा पुरवठा ऑस्ट्रियातून होई. 1908 मध्ये ऑस्ट्रियाने बॉस्निया गिळला तेव्हा लोकांनी बहिष्कार टाकला तो याच टोप्यांवर. 1925 मध्ये अतातुर्कच्या सरकारने टोपीच कायद्याने हद्दपार केली. आता ती एकटा पर्यटक घालतो, आणि फोटोत आपण फार तुर्की दिसतो अशी त्याची समजूत असते.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. सम्राटांनी ओबेलिस्क उचलला म्हणून आजच्या दुकानदाराने परक्याला लुबाडावं काय? नाही. बूटपॉलिशवाला समोरून जाताना ब्रश पाडतो, आपण सज्जनपणे उचलून देतो, तो कृतज्ञतेने आपल्या चपलांनाही पॉलिश लावू लागतो आणि कृतज्ञता संपल्यावर पैसे मागतो, ही परंपरा नव्हे, हा सापळा आहे. ब्रश पडलेला असू द्यावा. रात्री ओळख काढून 'चला, एक पेला घेऊ' म्हणणाऱ्याबरोबर गेल्यास बिल बघून डोळे पांढरे होतात. त्याचाही बचाव मी करणार नाही. पण फसवणूक आणि नाटक यांत फरक असतो, आणि तो समजायला आइस्क्रीमच्या गाड्यापाशी पाच मिनिटं उभं राहावं. सालेप नावाची कंदाची पूड घातलेलं ते चिवट आइस्क्रीम विकणारा लांब दांड्याने कोन पुढे करतो, आपण धरतो, कोन हातात राहतो आणि आइस्क्रीम त्याच्याकडे. पुन्हा देतो, पुन्हा काढून घेतो. गर्दी हसते, ज्याची फजिती होते तोही हसतो, आणि शेवटी आइस्क्रीम मिळतंच. गालिच्याचं दुकान हेच नाटक तीन अंकांत करतं. आजीने हुंड्यासाठी विणलेला गालिचा, सात वर्षं लागली, विकायचा नव्हताच पण तुमच्याकडे बघून : हे सगळं त्या झोईच्या मोझेकइतकंच खरं. तिथे चेहरा बदलला, इथे आजी. भाव ऐकून प्रवाशाने उठून चालायला लागायचं, दुकानदाराने दारापर्यंत यायचं, ही दोघांचीही पाठ भूमिका असते. पटलं नाही की तो भुवया वर करून जिभेने नुसतं 'च्' करतो. तो नकार असतो, त्यावर मान डोलावून वर मागणी रेटू नये.

दुसरा आक्षेप ग्रुप टूरवाल्यांचा, आणि तो आवाज चढवून येतो : मग आमच्याबरोबरच यायचं होतं! त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. त्यांचा माणूस मंगळवारी तोपकापी राजवाड्याच्या बंद दारासमोर उभा राहत नाही, सोमवारी दोल्माबाहचेसमोर नाही आणि रविवारी ग्रँड बझारच्या कुलपासमोर नाही. स्वतंत्र प्रवासी या तिन्ही ठिकाणी उभा असू शकतो आणि त्यालाच अनुभव म्हणतो. पण टूरचं वेळापत्रक जरा नीट वाचावं. निळ्या मशिदीनंतर 'गालिचे विणण्याचं प्रात्यक्षिक' असतं, आणि त्या इमारतीतून बाहेर पडायची वाट विक्रीदालनातून जाते. तिथे आजीची गोष्ट ऐकायला चाळीस माणसं एकदम बसवतात, घासाघीस करायला सवड नसते आणि बस हॉर्न वाजवत असते. नाटक तेच, तिकीट महाग, आणि प्रेक्षकाला भूमिका नाही. एकट्याने जाण्याचा फायदा एवढाच की भूमिका मिळते.

तिसरा आक्षेप कायदेपंडितांचा : उचलेगिरी इतकी मुरली असती तर याच शहराने पुराणवस्तू बाहेर नेण्यावर बंदी का घातली? घातली खरी. ट्रॉयचं सोनं जर्मन उत्खननकर्त्या श्लीमनने देशाबाहेर पळवल्यावर डोळे उघडले, आणि संग्रहालयाचे प्रमुख उस्मान हमदी बे यांच्या पुढाकाराने 1884चा कडक कायदा आला. पण त्याने शहराचा स्वभाव बदलला नाही, फक्त दिशा पक्की केली : येणाऱ्याला वाट, जाणाऱ्याला मज्जाव. तीनच वर्षांनी हमदी बे यांनी सिदोनला, आजच्या लेबनॉनमध्ये, अप्रतिम शवपेट्या खणून काढल्या आणि जहाजाने इस्तंबूलला आणल्या. मुलूख उस्मानीच होता, कायद्याला धक्का नाही. त्या ठेवायला नवी इमारत बांधावी लागली, ती 1891 मध्ये उघडली. तिथली सर्वांत देखणी पेटी 'अलेक्झांडरची शवपेटी' म्हणून जगप्रसिद्ध आहे. तिच्यावर अलेक्झांडरचं चित्र कोरलेलं आहे; आत तो कधीच नव्हता.

मग खास इथलं असं काहीच नाही का? पूर्वी मला वाटे की निदान बोस्फोरसची सामुद्रधुनी आहे. सगळे सम्राट, सुलतान आणि व्हेनिसचे व्यापारी या पाण्यासाठी तर आले. कार्ड टेकवून फेरीबोटीत बसलं की थोड्या पैशांत दोन खंड बघून होतात, आणि हे या शहराचं सर्वोत्तम दर्शन आहे यात मला शंका नाही. पण समुद्रशास्त्र आडवं येतं. वरचं पाणी काळ्या समुद्रातून दक्षिणेकडे वाहतं, आणि त्याच्याखालून जास्त खारं, जड पाणी मार्मारातून उत्तरेकडे जातं. दोन्ही प्रवाह पाहुणेच. वस्तीचंही तेच. 1950 मध्ये दहा लाखांच्या आसपास असलेलं हे शहर आज दीड कोटीच्या पुढे गेलं आहे, ते मुख्यतः अनातोलियातून आलेल्या माणसांनी. मुंबईत तीन पिढ्या काढलेला माणूस 'गाव कुठलं?' म्हटल्यावर जसा चिपळूण किंवा सातारा सांगतो, तसा इथे जन्मलेला माणूस सिवास किंवा कास्तामोनू सांगतो. म्हणून बाजारात 'कुठले तुम्ही?' असा हाकारा आला की उत्तर न देता चालू पडावं हा जो सल्ला प्रवाशांना दिला जातो, तो मला पटत नाही. आधी त्यालाच विचारावं, गाव कुठलं. मग सिवासचा बर्फ निघतो, तिथे राहिलेले चुलते निघतात, जमिनीचा वाद निघतो, आणि या वेळी येणारा चहा सफरचंदाचा नसून काळा असतो. गालिच्याचा भाव मात्र त्याने एका लिऱ्यानेही उतरत नाही.